गोदेत पोहायला शिकलात म्हणून लेक सुपिरियर सोडणार नाही

मागच्या आठवड्यापासून एक लांबलचक मेसेज फिरायलाय. वर ठळक अक्षरात "परदेशात कयाकवरून मासेमारी करणाऱ्या आपल्या मुलांसाठी", खाली हात जोडलेले. दोन-तीन ग्रुपवर आला तेव्हा मी न वाचताच सोडून दिला. पण ताईनं तो थेट भाच्याला पाठवला, अन् भाचा राहतो कॅनडात थंडर बेला, लेक सुपिरियर नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठावर, आणि यंदा त्यानं सेकंडहँड कयाक (वल्ह्यानं चालवायची निमुळती होडी) घेतलंय. त्याचा मला फोन, "मामा, मग वेडर परत करू का? जीन्सवरच जाऊ?" तेव्हा डोकं सणकलं. त्यामुळं हे लिहायलोय, अन् ज्यांची पोरं तिकडं आहेत त्यांनी नीट वाचा.

मेसेजमध्ये थोडक्यात काय आहे तर: वेडर (म्हणजे छातीपर्यंत येणारी ती वॉटरप्रूफ पँट) घालू नका, त्यात पाणी भरतं आणि माणूस दगडासारखा तळाला जातो. त्यापेक्षा जीन्स अन् जाड सुती स्वेटशर्ट बरा, ऊन असलं तर टीशर्टसुद्धा चालतो. ड्रायसूट (म्हणजे आत पाणी शिरू न देणारा गळ्यापासून पायापर्यंतचा बंद पोशाख) ही कंपन्यांची लूट आहे. थंडी वाजलीच तर दोन घोट ब्रँडी. आणि सगळ्यात शेवटी, "गोदाकाठच्या पट्टीच्या पोहणाऱ्या पोराला लाइफ जॅकेट लागत नाही, उलट हात मारायला अडचण होते."

मी शेवटच्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्यानं हाल होतील पण या एका वाक्यानं जीव जाईल.

पैठणच्या पोराला पोहता येतं हे मला कुणी सांगायची गरज नाही, मी इथलाच आहे. पण आपण पोहायला शिकलो कुठं? गोदेत, कालव्यात, विहिरीत. डिसेंबरात पहाटे विहिरीत उडी मारली तर पाणी कोमट लागतं, बाहेर आल्यावर हुडहुडी भरते. म्हणजे ज्याला तिकडं थंड पाणी म्हणतात ते आपल्या अंगानं कधी बघितलेलंच नाही. लेक सुपिरियरच्या उघड्या भागात जूनच्या सुरुवातीलासुद्धा पाणी ४-५ डिग्रीच्या आसपास असतं, जून म्हणजे तिकडं उन्हाळा हं! आणि १५ डिग्रीच्या खालच्या पाण्यात अचानक पडलं की अंगाला जो झटका बसतो त्याचा पोहता येण्याशी काही संबंध नाही.

कॅनडातल्याच मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गिसब्रेख्त नावाचे एक प्राध्यापक, थंडीचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो याचाच त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि तोही स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून. त्यांनी एक साधा हिशोब सांगून ठेवलाय, १-१०-१. पहिलं १ मिनिट श्वासाचं. पाण्यात पडल्या पडल्या मोठा आ वासून श्वास आत ओढला जातो, तुमची इच्छा असो नसो, आणि मग धाप लागते, छातीत धडधड होते. त्या पहिल्या श्वासाला तोंड पाण्याखाली असलं तर पाणी थेट फुप्फुसात, संपलं, पोहायची वेळच येत नाही. त्यानंतर साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शरीर पोटा-छातीतली ऊब वाचवायला हातापायाचं रक्त आखडून घेतं, स्नायू गार पडतात, बोटं मिटत नाहीत, दोरी धरता येत नाही, आणि पट्टीचा पोहणारा काठापासून हाकेच्या अंतरावर बुडतो. गारठून शुद्ध हरपायला त्यानंतरही वेळ असतो, जवळपास १ तास. म्हणजे लोक ज्या गारठ्याला भितात तिथपर्यंत बरेच जण पोचतच नाहीत, आधीच बुडतात.

आता सांगा, पहिल्या मिनिटात तोंड पाण्याच्या वर कोण धरणार? जॅकेटच धरणार. आणि ते अंगात पाहिजे. कयाकच्या मागं बांधून ठेवलेलं, पडल्यावर घालू म्हणलेलं जॅकेट काही कामाचं नाही, बधिर बोटांनी चेन लागत नाही. हात मारायला अडचण होते म्हणणाऱ्यानं कयाकचं जॅकेट बघितलेलं नसावं, त्याची खांद्याजवळची जागा मोकळीच असते आणि पाठीचा फोम वर सरकवलेला असतो, सीटला टेकता यावं म्हणून. आमच्याकडं नाथसागरात लोक थर्माकोलच्या चप्पूवर (तराफ्यावर) बिनजॅकेटचे जातात हे मला माहीत आहे, रोज बघतो, पण ते इथंही चूकच आहे, अन् तीच सवय ४ डिग्रीच्या पाण्यात नेणं म्हणजे जीवाशी खेळ.

आता वेडर. दगडासारखं खाली नेतं हे साफ खोटं. विहिरीतून बादली शेंदलेली असेल त्याला कळेल: भरलेली बादली पाण्यात असेपर्यंत हाताला वजनच लागत नाही, पाण्याच्या वर आली की मग खांदा भरतो. वेडरमधलं पाणी पाण्यातच आहे, ते तुम्हाला खाली कशाला ओढील? अमेरिकेतल्या ली वुल्फ या नामी मासेमारानं तर हे खोटं ठरवायला वेडर घालून पुलावरून नदीत उडी मारून दाखवली होती.

पण अर्धी गोष्ट खरी आहे, अन् ती मान्य करावी लागेल. त्या बादलीचंच बघा की, वर काढताना जड होते ना? पाय पाण्यानं भरलेले वेडर घालून कयाकवर परत चढायला गेलं की तेच होतं, आणि कामाची १० मिनिटं त्यातच जातात. शिवाय वरून पाणी आत गेलं की ऊब गेली. ते पातळ ब्रीदेबल (घामाची वाफ बाहेर सोडणारे) वेडर तर मुळात गरम नसतातच, ते फक्त कोरडं ठेवतात. निओप्रीनचे (फोमसारख्या रबराचे) जाड असतात त्यांना थोडी ऊब असते, पण गळा त्यांचाही उघडाच. कमरेचा पट्टा घट्ट आवळला आणि वरून ड्राय टॉप (पाणी न शिरणारा अंगरखा) घातला तर पाणी शिरायला वेळ लागतो, पण ड्रायसूटची सर येत नाही. म्हणून भाच्याला मी सांगितलं, वेडर परत करू नकोस, ओढ्यात-नदीत पाय टेकतात तिथं उभं राहून गळ टाकायला ते उत्तमच आहेत, पट्टा मात्र न चुकता लाव. पण जूनमध्ये सुपिरियरच्या खोल पाण्यात कयाकवर वेडर नको. म्हणजे मेसेजवाल्याचं "घालू नका" काही ठिकाणी बरोबर निघतं, पण कारण चुकीचं, अन् त्यानं बदल्यात काय सुचवलं तर जीन्स!

जीन्सबद्दल काय बोलावं. सुती कापड पाणी पिऊन अंगाला चिकटतं आणि सुकत नाही. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं अंगाची ऊब ओढतं, अन् तुम्ही ते ओलं कापड अंगाला गुंडाळून बसणार, वर वारा. ऊन आहे म्हणून टीशर्ट हे तर त्याहून वाईट, कारण धोका असतो तो नेमका याच दिवसांत, हवा २२-२३ आणि पाणी ५. कपडे पाण्याकडं बघून घालायचे, आभाळाकडं बघून नाही.

ड्रायसूट महाग आहे हे खरं आहे, हजार डॉलरच्या पुढं जातो, आणि विद्यार्थ्याला ती रक्कम सोपी नाही. पण महाग आहे म्हणून लूट? भाच्यानं दुकानातून एक भाड्यानं आणला आणि व्हिडिओ कॉलवर घालून दाखवला. मनगटाला अन् गळ्याला लेटेक्सचे पातळ पट्टे असतात, नख लागलं तर फाटतात, म्हणून आधी पावडर लावून हात हळूच आत सरकवायचा. मग छातीवरची चेन शेवटच्या दातापर्यंत ओढायची, थोडी राहिली तरी सूट पाण्यानं भरतो. मग उकिडवं बसायचं, दोन बोटांनी गळा जरा ताणायचा आणि आतली हवा फुस्सकन बाहेर काढायची. आणि हे ध्यानात ठेवा की ड्रायसूटसुद्धा स्वतः गरम नसतो, आत लोकरीचे नाहीतर फ्लीसचे कपडे लागतातच. एवढा पैसा नसेल तर ऑगस्टपर्यंत थांबा, काठाजवळचं पाणी जरा तापलं की ३ मिलिमीटरचा बिनबाह्यांचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा निओप्रीनचा पोशाख) आणि वर जॅकेट, काठ सोडायचा नाही.

ब्रँडीवर वेळ घालवत नाही. दारूनं कातडीकडं रक्त वाढतं, गरम वाटतं, अन् आतली ऊब भसाभसा बाहेर जाते. वर कयाकवर तोल सांभाळायचाय.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र मीच भाच्याला सांगितली. जो पोशाख ठरेल तो घालून, सोबत एक जण घेऊन, कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम कयाक उलटं कर आणि पाय न टेकता परत चढून दाखव. पहिल्या दोन-चार मिनिटांत चढता आलं नाही, तर या वर्षी काठावरूनच गळ टाक.