लिंक कुणाला ओळखता येणार नाही, पण परवानगीचं काय?

नमस्कार,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, बरं वाटलं. उत्तरही जरा लांबणार आहे. सोसायटीच्या ॲपमधून मेंटेनन्सच्या पावत्या डाउनलोड करण्यासाठी मी सर्व्हलेट (सर्व्हरवर विनंतीला उत्तर देणारा जावा प्रोग्राम) लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फाइलला यूयूआयडीचं (लांबलचक ओळखक्रमांकाचं) नाव द्या, ॲपच्याच फोल्डरमध्ये टाका, टॉमकॅट (ॲप चालवणारा जावा सर्व्हर) ती थेट देईल. प्रत्येक वेळी डेटाबेसला विचारणं हा द्राविडी प्राणायाम आहे आणि सर्व्हलेटमधून फाइल पाठवली की मेमरी फुगते.

यूयूआयडीचा अंदाज बांधता येत नाही, हे खरंच. चौथ्या आवृत्तीच्या यूयूआयडीत १२२ बिट रँडम असतात. १०४५ च्या जागी १०४६ टाकून शेजाऱ्याची पावती उघडण्याचा उद्योग तिथे चालत नाही. पण लिंक ओळखायची गरजच कुठे पडते? ती आयती हातात येते. ग्रुपवर फॉरवर्ड होते, ब्राउझरच्या हिस्टरीत राहते, सर्व्हरच्या लॉगमध्ये उतरते. कमिटीचा खजिनदार बदलला, तरी जुन्या खजिनदाराच्या मेलमधल्या सगळ्या लिंक चालूच. फाइल मागणारा कोण आणि त्याला ती आज द्यायची की नाही, हे मागितल्या क्षणी ठरलं पाहिजे. त्यासाठी डेटाबेसमध्ये प्रायमरी कीवर (नोंदीच्या मुख्य क्रमांकावर) एक क्वेरी लागते. तेवढी महाग नक्कीच नाही.

सर्व्हरने सही केलेल्या, ठरावीक मुदतीपुरत्याच चालणाऱ्या लिंकचा पर्यायही तुम्ही सुचवलात. तो मला आवडतो, पण त्यात परवानगी सही करताना ठरते, म्हणून मुदत किती ठेवता यावर सगळं अवलंबून. एस-थ्रीच्या (ॲमेझॉनच्या फाइल-साठवण सेवेच्या) लिंकची मुदत सात दिवसांपर्यंत ठेवता येते, म्हणून ती सात दिवसच ठेवायची असं नाही. बटण दाबल्यावर हक्क तपासा, पाच मिनिटांची लिंक बनवा आणि रीडायरेक्ट करा.

ॲपच्या फोल्डरमध्ये फाइली ठेवण्याला मात्र साफ नकार. नवी वॉर फाइल (ॲपचं पॅकेज) चढवली की टॉमकॅट जुनं उलगडलेलं फोल्डर काढून नवं मांडतं, त्यात पावत्याही जातात. शिवाय उद्या दुसरा सर्व्हर जोडलात, तर पावती एकावर आणि विनंती दुसऱ्यावर!

मेमरीचं म्हणाल, तर ती सर्व्हलेटमुळे फुगत नाही. रीड-ऑल-बाइट्स वापरून अख्खी फाइल हीपमध्ये (जावाच्या मेमरीत) ओढली की फुगते. फाइल्स डॉट कॉपीला रिस्पॉन्सची आउटपुट स्ट्रीम द्या, ते छोट्या बफरमधून तुकड्यातुकड्याने पाठवतं. थ्रेड (ती विनंती हाताळणारा सर्व्हरचा धागा) तेवढा वेळ अडकतो, हा आक्षेप घेतला असतात तर तो रास्त होता.

‘नावाचा एवढा घोळ कशाला’ असंही तुम्ही विचारलंत. ‘पावती मार्च’ हे नाव कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमध्ये (उतरणाऱ्या फाइलचं नाव ब्राउझरला सांगणाऱ्या ओळीत) जसंच्या तसं टाकून बघा. हेडर पारंपरिकरीत्या आयएसओ-८८५९-१ या पश्चिम युरोपीय अक्षरसंचात जातो, त्यात देवनागरी नाहीच, त्यामुळे नावाची पार वाट लागते. म्हणून आरएफसी ६२६६ या इंटरनेट मानकातला तारांकित फाइलनेम (filename*) लागतो, यूटीएफ-८ चे बाइट टक्क्याच्या चिन्हासह. त्यासाठी जावाचं यूआरएल-एन्कोडर वापरलंत, तर स्पेसच्या जागी अधिकचं चिन्ह येतं आणि फाइल ‘पावती+मार्च’ म्हणून उतरते. ते चिन्ह बदलून टक्का-वीस करायचं, एवढाच तो ‘घोळ’. स्प्रिंग हे जावा फ्रेमवर्क असेल तर त्याचा कंटेंट-डिस्पोझिशन क्लास हे परस्पर करतो.

सोसायटीचे उपविधी, सभेची नोटीस असं सगळ्यांसाठी खुलं असलेलं काही असेल, तर तुमचीच पद्धत बरी, सर्व्हलेट हवंच कशाला.

आणि थ्रेडची खरंच चिंता असेल, टॉमकॅटच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल, तर सर्व्हलेटने फक्त हक्क तपासावा आणि एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट हेडरमध्ये आतला पत्ता द्यावा. फाइल एनजिनएक्स पाठवतं, तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करणंही तेच सांभाळतं. एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये त्या पत्त्याच्या लोकेशनला ‘इंटर्नल’ लिहायला तेवढं विसरू नका, नाहीतर तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाइप करून कुणीही फाइल उचलेल.