ध्वजाला पहारेकरी कशाला?

केकवर तिरंगा काढावा का, आणि काढलाच तर कापावा का, यावर आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर ऑगस्टमध्ये भांडण होतं. यंदा कुणीतरी सोसायटीतल्या तिरंगी केकचा फोटो टाकला आणि थोरल्या काकांनी फर्मान काढलं: हा राष्ट्राचा अपमान आहे, गुन्हा दाखल करा. मी लिहिलं की असा गुन्हा कोइम्बतूरमध्ये दाखल करायला लावून झाला आहे. २०१३च्या नाताळात भारताचा नकाशा आणि तिरंगा असलेला केक कापला म्हणून प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२१मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने राष्ट्रीय प्रतीकांच्या अपमानाविरुद्धच्या १९७१च्या कायद्याखाली हा अपमान ठरत नाही असा निकाल दिला. त्यावर मावसभावाचं उत्तर आलं, ‘तिकडे बसून तुला काय कळणार?’

तिकडे बसूनच कळतंय. इथे डेन्मार्कमध्ये वाढदिवसाच्या केकमध्ये कागदी डॅनेब्रो, म्हणजे डेन्मार्कचे राष्ट्रध्वज, टोचलेले असतात, ख्रिसमसच्या झाडावर झेंड्यांच्या माळा असतात, आणि कास्ट्रुप विमानतळावर परतणाऱ्या मुलांना घ्यायला आजी-आजोबा हातात झेंडे घेऊन उभे असतात. शेजारी कुणी गेलं की झेंडा अर्ध्यावर येतो. एवढी सलगी असूनही आमच्या गल्लीतला मोठा ध्वज सूर्यास्ताला उतरतो; रात्रभर काठीवर राहते ती नुसती विम्पेल, म्हणजे लांब निमुळती पताका. टोकाशी दुभंगलेला स्प्लिटफ्लॅग राजघराणं, सरकार आणि खास परवाना असलेले सोडून कुणी लावत नाही. हे नियम लोक आई-बापांकडून शिकतात, पोलिसांकडून नाही. ज्या ध्वजावर माणसाचं प्रेम आहे, त्याला पहारेकरी लागत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी ग्रुपवर पुन्हा पुन्हा मांडतो.

डेन्मार्कलाही हे सहज मिळालेलं नाही. १८३४मध्ये राजाने खासगी घरांवर डॅनेब्रो लावायला बंदी घातली. १८४८च्या युद्धात लोकांनीच तो उचलून धरला आणि १८५४मध्ये बंदी उठली. वीस वर्षं. आपल्याकडे १९२३मध्ये नागपुरात झेंडा घेऊन रस्त्याने चालण्याच्या हक्कासाठी माणसं तुरुंगात गेली. त्याच झेंड्यातून पुढे घडलेला, आता मधोमध चरख्याऐवजी अशोकचक्र असलेला तिरंगा २२ जुलै १९४७ला देशाचा झाला. पण सामान्य नागरिकाला तो वर्षभर आपल्या घरावर लावायची मोकळीक मिळाली २६ जानेवारी २००२पासून, नव्या ध्वजसंहितेने. त्यासाठी उद्योगपती नवीन जिंदल यांना आपल्या कारखान्यावरच्या झेंड्यासाठी कोर्टात जावं लागलं, आणि तो फडकवणं हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये सांगितलं. पंचावन्न वर्षं आपलाच ध्वज आपल्याला परका ठेवला गेला. त्याचा राग कुणाला येत नाही, केकचा येतो.

आणि कापडाचा? ३० डिसेंबर २०२१ला संहिता बदलली आणि यंत्रावरचा पॉलिएस्टरचा झेंडाही चालू लागला. त्यामुळे तो घरोघरी पोचला हे मान्य. पण खादी ही या ध्वजाची जन्मखूण आहे. हुबळीच्या बेंगेरीत खादीचे झेंडे शिवणाऱ्या बाया एकेक टाका मोजून मापून घालतात, रंगाची छटा, चक्राचे चोवीस आरे, तीनास दोनचं प्रमाण, सगळं तपासलं जातं. मी ध्वजांचा वेडा आहे. नायजरचा झेंडा दुरून आपल्यासारखा दिसतो म्हणून मी रस्त्यात थांबलेलो आहे. तेव्हा ठामपणे सांगतो, अपमान शोधायचाच असेल तर काकांनी तो या बायांचं काम काढून घेण्यात शोधावा.

‘तिकडे बसून’ म्हणणाऱ्यांना दुसरीही आठवण द्यायची आहे. २२ ऑगस्ट १९०७ला भिकाजी कामांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकवला तो स्टुटगार्टमध्ये. पॅरिसमध्ये राहणारी बाई होती ती. तो झेंडा पुढे पुण्यात केसरीवाड्यात आला. परदेशातल्या माणसाचा ध्वजावर हक्क नाही, असं पुण्यात राहणाऱ्या भावाने तरी मला सांगू नये.

हे लिहिताना आवाज चढतो, त्याचं कारण ग्रुपवर मी कधी सांगितलेलं नाही. १ जानेवारी २०२५पासून इथे ध्वजस्तंभावर परक्या देशाचा झेंडा लावायला कायद्याने मनाई आहे. नॉर्डिक देश, जर्मनी, युरोपीय संघ आणि संयुक्त राष्ट्रं यांना सूट आहे, बाकी बहुतेकांना परवानगी लागते. माझ्या अंगणातल्या काठीवर डॅनेब्रो मी आनंदाने चढवतो, मुलीच्या वाढदिवसाला तर हट्टाने. पण तिरंगा त्या काठीवर परका आहे. ही बातमी वाचून मावसभावाने टाळ्या वाजवल्या: असा कायदा आपल्याकडेही हवा. त्याला कळलंच नाही की या कायद्यातला परका मीच आहे. ज्या देशाचं मी घरी इतकं कौतुक सांगतो, त्याने मला हे सांगितलं याचं दुःख मला झालं, आणि ते घरी कबूल करणं जड गेलं, कारण लगेच ‘मग ये परत’ ऐकावं लागलं असतं.

परत यायचं नाही. मुलगी इथली आहे आणि मीही बराचसा. पण येत्या पंधरा ऑगस्टसाठी मी परवानगीचा अर्ज करणार आहे, खादीचा तिरंगा बेंगेरीचाच मागवणार आहे, आणि मोजून-मापून, सकाळी चढवून सूर्यास्ताला उतरवणार आहे. परवानगी नाही मिळाली तर तो हातात धरून उभा राहीन. हातात धरायला मनाई नाही.