हाताने भरवलं म्हणून मूल नेत नाहीत, आणि ‘रातोरात निघा’ हा सल्ला घातक आहे

माझी मावसबहीण नॉर्वेत, स्टॅव्हँगरला असते. सातवा महिना चालू आहे. मावशीचा व्हिसा आलाय, बाळंतविड्याची बांधाबांध चालली होती, आणि तेवढ्यात तिच्या भिशीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज येऊन पडला. तेव्हापासून मावशी लेकीला रोज फोन करून रडतेय, ‘तू इकडेच ये, त्या देशात मूल वाढवायचंच नाही.’ सातव्या महिन्यातल्या पोरीला एका निनावी मजकुराच्या जोरावर नोकरी, घर, डॉक्टर सगळं सोडून यायला सांगायचं? हाच मेसेज नंतर मला आणखी तीन ठिकाणांहून आला. म्हणून एकदाच नीट लिहिते.

मेसेजमध्ये पाच गोष्टी आहेत. नॉर्वेत मुलाला हाताने भरवलं किंवा शेजारी झोपवलं की सरकार मूल उचलून नेतं, आणि दाद मागायला जागाच नाही. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे युरोपचं मानवाधिकार न्यायालय तिथे लागू नाही, आणि असतं तरी भारतीय नागरिकाला तिथे उभं करत नाहीत. ते न्यायालय सरकारच्या खिशात आहे. तिथली शाळकरी मुलं शिक्षकांच्या सांगण्यावरून आईवडिलांवर त्याच न्यायालयात केस टाकतात. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: बालकल्याणवाल्यांचा पहिला फोन आला की वकिलाच्या नादी न लागता मूल घेऊन रातोरात भारतात निघा, भारत हेग करारात (दुसऱ्या देशात नेलेली मुलं परत पाठवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) नाही, कोणी काही वाकडं करू शकत नाही, इथे आल्यावर दिल्लीच्या ‘आशियाई मानवाधिकार न्यायालया’त अर्ज करा.

हाताने भरवण्याचं आधी उरकते. ही गोष्ट २०११ च्या स्टॅव्हँगरमधल्या प्रकरणातून आली. एका बंगाली जोडप्याची दोन लहान मुलं तिथल्या बालकल्याण खात्याने, म्हणजे बार्नेवर्नेटने, ताब्यात घेतली. भरवणं आणि एकत्र झोपणं यावरून खात्याने आपल्याला नावं ठेवली, असं आईवडिलांचं म्हणणं होतं. खातं गोपनीयतेच्या कायद्यामुळे जाहीरपणे काही बोललं नाही, त्यामुळे आपल्या टीव्हीवर एकच बाजू चालली. दोन्ही सरकारांत बोलणी होऊन २०१२ मध्ये मुलं काकांच्या ताब्यात भारतात आली, पुढे आईकडे गेली. २०२३ मध्ये त्यावर हिंदी चित्रपट आला, तेव्हा नॉर्वेच्या दिल्लीतल्या राजदूतांनी वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितलं की हाताने जेवणं किंवा मुलांना आपल्याजवळ झोपवणं नॉर्वेत हानिकारक मानत नाहीत, आणि तेवढ्यावरून मूल कधीही काढून घेतलं जात नाही. राजदूत आपल्या सरकारची बाजू मांडणारच, हे मलाही कळतं. पण कायद्यात मूल काढून घ्यायला गंभीर दुर्लक्ष, मारहाण, छळ अशी कारणं लागतात, आणि आदेश काढायला मंडळ बसतं. त्यात कायदा शिकलेला अध्यक्ष असतो, एक तज्ज्ञ असतो, एक सामान्य नागरिक असतो. आईवडिलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, दुभाषा मिळतो. मंडळाच्या निर्णयावर जिल्हा न्यायालयात जाता येतं. तिथून परवानगी मिळाली तर अपील न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. ‘दाद मागायला जागाच नाही’ हे साफ खोटं आहे.

युरोपियन युनियनचा मुद्दा चार ओळींचा आहे. हे मानवाधिकार न्यायालय फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात आहे, आणि ते युनियनचं नाहीच. ते युरोप परिषद नावाच्या वेगळ्या संघटनेचं आहे. नॉर्वे १९४९ पासून तिचा संस्थापक सदस्य आहे. आज तिच्यात ४६ देश आहेत. युरोपीय मानवाधिकार कराराचं पहिलंच कलम म्हणतं की देशाच्या अधिकारक्षेत्रात असलेल्या प्रत्येकाला हे हक्क आहेत. तिथे ‘नागरिक’ असा शब्द नाही. स्टॅव्हँगरमध्ये राहणारी सांगलीची मुलगी त्यात येते. तिचं बाळही येतं.

आता ‘सरकारच्या खिशात’. इथे मला सगळ्यात जास्त चीड आली. ज्या देशाबद्दल हे लिहिलंय, त्याच देशाला या न्यायालयाने याच विषयात पुन्हा पुन्हा दोषी धरलंय. स्ट्रँड लोबेन विरुद्ध नॉर्वे हा १० सप्टेंबर २०१९ चा निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रकरण असं. २००८ मध्ये एका तरुण नॉर्वेजियन आईला मुलगा झाला. काही आठवड्यांतच तो पालक-कुटुंबात, म्हणजे मूल सांभाळायला नेमलेल्या दुसऱ्या कुटुंबात, ठेवला गेला. आईला भेटायची परवानगी होती, पण कशी? वर्षातून मोजक्या वेळा, दोन-दोन तास, आणि शेजारी देखरेखीला माणूस. २०११ मध्ये सरकारने मुलाला त्या कुटुंबात कायमचं दत्तक द्यायला मंजुरी दिली. आईचं मातृत्वच कायद्याने संपलं. तोवर तिचं लग्न झालं होतं, दुसरं मूल झालं होतं आणि ते तिच्याजवळच वाढत होतं. तरी देशातली न्यायालयं जुन्या तज्ज्ञ-अहवालांवरच निकाल देत राहिली.

आईने २०१३ मध्ये स्ट्रासबर्गला अर्ज केला. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांपुढे ती चार विरुद्ध तीन अशी हरली. तिने प्रकरण मोठ्या पीठापुढे नेलं आणि तिथे सतरापैकी तेरा न्यायाधीशांनी नॉर्वेला दोषी धरलं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: मूल ताब्यात घेणं हा तात्पुरता उपाय असतो आणि कुटुंब पुन्हा एकत्र आणणं हे सरकारचं कर्तव्य आहे. भेटीच इतक्या कमी ठेवल्या, तर आई मूल सांभाळू शकते की नाही हे ठरवणार कशावरून? आणि परिस्थिती बदललेली असताना नवीन तपासणी न करता दत्तकाचा निर्णय घेतलाच कसा? आईला २५,००० युरो भरपाई मिळाली. २०२० मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांना नवी दिशा घालून दिली. २०१९ नंतर अशा डझनभराहून जास्त प्रकरणांत नॉर्वे हरलाय.

संस्कृतीचा प्रश्नही तिथे आलाय. डिसेंबर २०२१ च्या निकालात एक सोमाली मुसलमान आई होती. तिचा मुलगा ख्रिस्ती कुटुंबात दिला गेला आणि पुढे दत्तकही. मूल परत मिळावं हा तिचा आग्रह नव्हता. त्याचं त्याच्या मुळांशी नातं तोडू नका, एवढंच ती मागत होती. मोठ्या पीठाने एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला.

मेसेजमध्ये अर्धं खरं काय आहे तेही सांगते, जरी सांगताना जिवावर येतं. या न्यायालयात येणारे बहुसंख्य अर्ज दारातूनच परत जातात. नॉर्वेविरुद्धची सगळी प्रकरणं पालक जिंकलेत असंही नाही. आणि जिंकणाऱ्याला मूल मिळत नाही. स्ट्रासबर्ग मुलाचा ताबा देत नाही, देशातला आदेश रद्द करत नाही. सरकारने करार मोडला का, एवढंच ते ठरवतं, आणि अंमलबजावणीवर नंतर सदस्य देशांची मंत्री-समिती लक्ष ठेवते. स्ट्रँड लोबेन प्रकरणातल्या आईने अर्ज केला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता, निकाल लागला तेव्हा अकराच्या घरात. ज्या घराला तो आपलं घर म्हणत होता, ते दुसरंच होतं. याचं दुःख कुठल्याही निकालाने भरून येत नाही.

पण म्हणूनच शेवटच्या सल्ल्याचा इतका राग येतो. वकिलाच्या नादी लागू नका म्हणे! स्ट्रासबर्गला जायचं तर आधी देशातले सगळे मार्ग संपवावे लागतात, आणि जो मुद्दा तिथे मांडायचा तो देशातल्या न्यायालयात आधी उठवलेला असावा लागतो. अंतिम निकालानंतर चार महिन्यांच्या आत अर्ज जावा लागतो. पूर्वी सहा महिने होते, फेब्रुवारी २०२२ पासून चार झाले. अर्ज ठरलेल्या नमुन्यावर, मूळ सहीनिशी, सगळ्या निकालांच्या प्रतींसह, पोस्टाने पाठवायचा. ईमेल चालत नाही, ऑनलाइन सह्यांची मोहीम तर नाहीच नाही. फी लागत नाही. अर्ध्या भरलेल्या अर्जाला अर्ज मानत नाहीत आणि चार महिन्यांचं घड्याळ थांबत नाही. पुढे सगळं चालतं ते देशात तयार झालेल्या कागदांवर. भेटी वाढवून मागितल्या होत्या का? नवा तज्ज्ञ मागितला होता का? दुभाषा नव्हता हे नोंदवलं होतं का? हे सगळं पहिल्या दिवसापासून वकिलामार्फत लेखी झालेलं असलं तरच तिथे दाखवायला काही उरतं.

आणि जो रातोरात निघाला, त्याचं काय होतं? ताब्याचा आदेश झाला असेल किंवा प्रकरण मंडळापुढे गेलं असेल, तर नॉर्वेत मुलाला परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. ताब्याचा आदेश मोडून नेलं तर तो गुन्हा आहे. विमानतळावर अडवलं, तर एरवी पालकांच्या बाजूने जाऊ शकली असती अशा फाइलमध्ये ‘पळून जाण्याचा प्रयत्न’ ही नोंद येते आणि भेटीसुद्धा आणखी आवळल्या जातात. चौकशीचा नुसता फोन म्हणजे ताब्याचा आदेश नव्हे. बरीच प्रकरणं बोलून, थोडी मदत घेऊन मिटतात. बॅग भरून निघालेला माणूस हा मार्ग स्वतःच बंद करतो. भारत १९८० च्या हेग करारात नाही हे खरं. पण ‘कोणी काही करू शकत नाही’ हे खोटं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये अमेरिकेतून आणलेल्या मुलाला परत तिकडे नेण्याचा आदेश दिला होता. तो आईवडिलांमधला वाद होता, आणि नंतरच्या निकालांत मुलाचं हित आधी पाहायचं असं न्यायालय सांगत आलंय. म्हणजे इथे आलात तरी दार ठोठावलं जाऊ शकतं, आणि निकाल काय लागेल याची हमी मेसेज लिहिणारा देणार नाही.

मुलांनी आईवडिलांवर केस टाकण्याचं एका परिच्छेदात. स्ट्रासबर्गला तक्रार फक्त सरकारविरुद्ध होते, आईवडिलांविरुद्ध होऊच शकत नाही. मूल अर्जदार असू शकतं, आणि ती चांगली गोष्ट आहे. चेक प्रजासत्ताकातल्या ऑस्ट्रावा शहरात रोमा जमातीच्या मुलांना सरसकट मतिमंद मुलांच्या ‘खास’ शाळांत घालत होते. त्यांपैकी अठरा जणांनी अर्ज केला, आधी हरले, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये मोठ्या पीठापुढे जिंकले. अशा मुलांना शाळेतून कोणी फूस लावली असं म्हणायचं आहे का?

राहिलं दिल्लीचं ‘आशियाई मानवाधिकार न्यायालय’. असं न्यायालय दिल्लीत नाही, आशियात कुठेच नाही. युरोपात आहे, अमेरिका खंडात आहे, आफ्रिकेत आहे. आफ्रिकेत तर खास मुलांच्या हक्कांसाठी अकरा तज्ज्ञांची समिती आहे आणि ती सरकारांविरुद्धच्या तक्रारी ऐकते. केनियातल्या नुबियन मुलांना जन्मापासून नागरिकत्व नाकारलं जात होतं, तेव्हा २०११ मध्ये तिने केनियाला दोषी धरलं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे मुलांच्या वतीने तक्रार करता येईल असा एक प्रोटोकॉल २०१४ पासून लागू आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही. त्यामुळे भारतात एखाद्या मुलावर सरकारकडून अन्याय झाला, तर उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, बालहक्क आयोग आणि मानवाधिकार आयोग यांच्या पलीकडे, देशाबाहेर, त्याच्या नावाने निकाल मागायला जागा नाही. ज्यांना मुलांच्या हक्कांची एवढी काळजी आहे, त्यांनी आपल्या खासदाराला त्या प्रोटोकॉलबद्दल पत्र लिहावं. नॉर्वेत राहणाऱ्या कुणाला खरोखरच खात्याचा फोन आला असेल, तर त्याच दिवशी तिथला वकील गाठावा, प्रत्येक निर्णय लेखी मागून घ्यावा आणि ओस्लोच्या भारतीय वकिलातीला कळवावं.