प्रतिक्रियेला उत्तर: एका अक्षराची दुरुस्ती आणि मेंटेनरचा वेळ

नमस्कार,

ओपन सोर्स (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पांच्या डॉक्युमेंटेशनमधल्या, म्हणजे माहितीच्या पानांमधल्या, शुद्धलेखनाच्या आणि व्याकरणाच्या चुका दुरुस्त करायला हात घाला, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एक, ही बायोडेटा फुगवायची सोय आहे आणि त्यात मेंटेनरचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचा, वेळ जातो. दोन, टूल्स असताना माणसानं स्पेलिंग तपासत बसू नये. तीन, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांनी इंग्रजी व्याकरणाच्या वाटेला जाऊ नये. पहिला बराचसा मान्य, दुसरा अर्धा मान्य, तिसरा अजिबात मान्य नाही.

पहिल्या आक्षेपामागे २०२० चं हॅकटोबरफेस्ट असणार, म्हणजे ऑक्टोबरात ओपन सोर्सला हातभार लावायची मोहीम. चार पुल रिक्वेस्टवर (बदल स्वीकारायच्या विनंत्यांवर) टी-शर्ट मिळत होता. लोकांनी रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या ओळखपानात) एखादं कौतुकाचं विशेषण घुसवून मेंटेनरना वात आणला. शेवटी ऐन ऑक्टोबरात आयोजकांना नियम फिरवावा लागला, आणि ज्या प्रकल्पांनी आपणहून होकार दिला त्यांतलंच काम मोजायचं ठरलं. पण ते बदल लहान होते ही अडचण नव्हती. त्यांत दुरुस्त असं काही झालेलंच नव्हतं.

खरोखरीची लहान दुरुस्ती मेंटेनरला किती महागात पडेल, हे पाठवणाऱ्याच्या हातात असतं. समजा एका परिच्छेदात 'रिसीव्ह'च्या स्पेलिंगमध्ये आय आणि ई उलटसुलट पडलेत. तुम्ही ती दोन अक्षरं फिरवलीत, आणि एडिटरनं सवयीनं अख्खा परिच्छेद ऐंशी अक्षरांच्या रुंदीत नव्यानं बसवला. आता डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या मजकुराच्या फरकात, नऊ ओळी लाल (गेलेल्या), नऊ हिरव्या (आलेल्या). मधल्या एखाद्या कमांडचा पर्याय किंवा पोर्ट नंबर हललेला नाही याची खात्री करायला मेंटेनरला सगळ्या ओळी शब्द न् शब्द ताडाव्या लागतात. वर गिट ब्लेममध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या, कोणती ओळ शेवटची कुणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) त्या नऊही ओळी तुमच्या नावावर लागतात, आणि मूळ मजकूर कुणी, कशासाठी लिहिला हे शोधणाऱ्याला आणखी एक पायरी खोदावी लागते. म्हणून पाठवण्याआधी साधा गिट डिफ बघा आणि शब्दाशब्दातला फरक दाखवणारा वर्ड-डिफ हा पर्याय लावूनही बघा. वर्ड-डिफमध्ये एकच शब्द आणि साध्या डिफमध्ये नऊ ओळी दिसल्या, तर एडिटरनं घोळ घातलाय. एखाद्या दुरुस्तीनं ओळ दोन अक्षरं लांब झाली तर होऊ दे.

ओळीच्या शेवटची मोकळी जागा आपोआप काढणारी सेटिंगही बंद ठेवा. मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मजकूर मांडायच्या पद्धतीत) ओळीअखेरच्या दोन स्पेस म्हणजे सक्तीची नवी ओळ. त्या उडाल्या की नीट मांडलेला पत्ता किंवा आउटपुट एका ओळीत चिकटतं, आणि डिफमध्ये नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही.

चूक आहे कुठे, हे आधी नीट पाहायचं. वेबसाइटवर बहुधा शेवटच्या रिलीजचं डॉक्युमेंटेशन असतं. मुख्य ब्रँचमध्ये, जिथे ताजं काम चालतं, ती चूक केव्हाच गेलेली असू शकते. एपीआय रेफरन्सची (कोडमधली फंक्शनं कशी वापरायची ते सांगणारी) पानं सोर्स कोडमधल्या डॉकस्ट्रिंगमधून (कोडमध्येच लिहिलेल्या वर्णनांमधून) तयार होत असतील, तर तयार झालेली फाइल सुधारून उपयोग नाही, पुढच्या बिल्डला, म्हणजे पानं पुन्हा तयार होताना, चूक परत हजर. थर्ड-पार्टी फोल्डरमधल्या, म्हणजे दुसऱ्या प्रकल्पातून आणलेल्या, फाइली तर सोडूनच द्या, त्यांची दुरुस्ती त्यांच्या मूळ प्रकल्पात. जुन्या चेंजलॉगमधल्या (आवृत्तीनुसार बदलांच्या यादीतल्या) चुकाही मी राहू देईन, ती एक नोंद आहे. लिनक्स कर्नलसारख्या (लिनक्सच्या गाभ्यासारख्या) प्रकल्पात एका अक्षराच्या पॅचलाही (पाठवलेल्या बदलालाही) साइन्ड-ऑफ-बाय ओळ लागते, म्हणजे हा बदल द्यायचा मला हक्क आहे अशी सही. ती विसरली की पॅच परत येतो, मग तुमचाही वेळ गेला आणि त्यांचाही.

आता टूल्स. कोडस्पेल हे त्यांतलं एक, बरंच वापरातलं. ते बरोबर शब्दांचा कोश ठेवत नाही, नेहमी होणाऱ्या चुकांची यादी ठेवतं: हा चुकीचा, हा त्याचा बरोबर. कर्नलच्या सोर्समध्येही स्क्रिप्ट्स फोल्डरात अशीच एक यादी आहे आणि पॅच तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट ती वाचते. या पद्धतीचा फायदा म्हणजे अनोळखी तांत्रिक शब्दांवर उगाच बोंब होत नाही. तोटाही तिथूनच येतो: चुकून पडलेला शब्द जर स्वतः बरोबर इंग्रजी शब्द असेल, तर तो निसटतो. 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' ही नेहमीची. त्याहून घातक 'नॉट'च्या जागी 'नाऊ'. हा पर्याय देणं 'आता गरजेचं आहे' आणि 'गरजेचं नाही' यांत फरक एका अक्षराचा, आणि दोन्ही वाक्यं व्याकरणात चोख बसतात. ती चूक कळायला कोड वाचावा लागतो किंवा कमांड चालवून पाहावी लागते. माणसानं तिथे वेळ घालवावा, एवढंच माझं म्हणणं होतं.

टूलला आपोआप बदलायची मुभा देणं त्याहून धोक्याचं. एचटीटीपीमधल्या (वेबपानं मागवायच्या नियमांमधल्या) 'रेफरर' या, वाचक कोणत्या पानावरून आला ते सांगणाऱ्या हेडरच्या स्पेलिंगमध्ये एक आर कमी आहे. १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ते तसंच छापलं गेलं आणि आजही तेच चालतं. पुढे आलेल्या 'रेफरर-पॉलिसी' हेडरचं स्पेलिंग मात्र शुद्ध. एकाच पानावर दोन्ही येतात, दोन्ही बरोबर असतात. कुणी सर्च-रिप्लेसनं ते 'एकसारखं' केलं, की उदाहरणातला कॉन्फिग मुकाट्यानं काम करेनासा होतो. एररसुद्धा येत नाही. युनिक्सच्या 'क्रिएट' या फाइल बनवणाऱ्या सिस्टीम कॉलच्या नावात शेवटचा ई नाही, तेही तसंच. म्हणून कोडस्पेल आधी नुसतं चालवून यादी बघायची, व्हेरिएबलची नावं आणि असे शब्द वगळायच्या यादीत टाकायचे, मगच बदल लिहू द्यायचे.

मजकूर वर्ड प्रोसेसरमध्ये नेऊन व्याकरण तपासणाऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे. तिथे सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, जोडलेल्या दोन हायफनचा एक लांब डॅश होतो, आणि ती कमांड कॉपी-पेस्ट करणाऱ्याच्या टर्मिनलवर चालत नाही. मथळ्यातलं स्पेलिंग सुधारतानाही थांबा. मार्कडाउनचे बरेचसे जनरेटर मथळ्यावरून अँकर (पानातल्या त्या जागेवर नेणारा पत्ता) बनवतात. मथळा बदलला की अँकर बदलतो आणि आतल्या-बाहेरच्या लिंका पानाच्या माथ्यावर नेऊन सोडतात. जुना अँकर हातानं जपा, नाहीतर निदान रेपॉझिटरीत (प्रकल्पाच्या फाइलसाठ्यात) शोधून आतल्या लिंका त्याच कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) बदला. एरर मेसेजमधली चूक डॉक्युमेंटेशनमध्ये एकटी सुधारू नका. प्रोग्राम जे छापतो तेच पानावर हवं, कारण लोक तोच मजकूर शोधतात. बदलायचाच तर कोडमध्ये बदला, आणि तो मजकूर अक्षरशः ताडणाऱ्या टेस्ट आहेत का ते आधी शोधा.

तिसरा आक्षेप. कर्ता-क्रियापदाचा मेळ, 'इट्स'मधला ॲपॉस्ट्रॉफी, राहून गेलेला 'द' यांना नियम आहेत आणि ते कुणालाही शिकता येतात. कर्मणी वाक्य कर्तरी करणं, ब्रिटिश स्पेलिंग अमेरिकन करणं ही दुरुस्ती नव्हे, आवड. प्रकल्पाची स्टाइल गाइड सांगत असेल तरच करा. 'शुड'चं 'मस्ट' करायला तर कुणीच जाऊ नये. १९९७ च्या आरएफसी २११९ नं या शब्दांना ठरीव अर्थ दिलेत: एकात सबळ कारण असलं तर सूट आहे, दुसऱ्यात नाही. आणि 'मे नॉट' म्हणजे 'कदाचित होणार नाही' की 'करायला परवानगी नाही', इथे मातृभाषिक वाचक सवयीनं पुढे जातो, आपण अडखळतो. अडखळलात की वाक्य स्वतः बदलू नका. इश्यू (प्रकल्पाकडे प्रश्नाची नोंद) उघडा, दोन्ही अर्थ लिहा, लेखकाला कोणता अभिप्रेत आहे ते विचारा. इंग्रजी परकी असणाऱ्याला हे काम जास्त चांगलं जमतं, असं माझं मत आहे.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मात्र या सगळ्यांहून जड आहे: भाषांतरं. गेटटेक्स्टमध्ये (भाषांतरं सांभाळणाऱ्या टूलमध्ये) मूळ इंग्रजी वाक्य हीच किल्ली असते. त्यात स्वल्पविराम बदलला तरी पुढच्या मर्जला, म्हणजे नवी वाक्यं भाषांतराच्या फाइलीत मिसळताना, त्या वाक्याचं प्रत्येक भाषेतलं भाषांतर 'फझी', म्हणजे पुन्हा तपासायचं, ठरतं, आणि फझी नोंदी बिल्डमध्ये सहसा घेतल्या जात नाहीत. म्हणजे तुमच्या एका स्वल्पविरामानं मराठी वाचकासमोर ते वाक्य पुन्हा इंग्रजीत येतं, कुणी स्वयंसेवक ते तपासून मोकळं करेपर्यंत. म्हणून स्ट्रिंग फ्रीझ (रिलीजआधी वाक्यं न बदलायची मुदत) लागल्यावर असले बदल पाठवू नयेत. रिलीज झाल्यावर, गठ्ठ्यानं पाठवावेत.

मराठी भाषांतराच्या फाइली सुधारणाऱ्यांसाठी त्यातच एक वेगळी गोम आहे. 'दुसऱ्या'मधला र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ वरून, किंवा साध्या र नंतर हलंत आणि झीरो-विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही, आणि युनिकोड नॉर्मलायझेशननंही (एकाच अक्षराच्या वेगळ्या रूपांना एक रूप देण्यानंही) ते एक होत नाहीत. कुणी 'न दिसणारी फालतू अक्षरं' म्हणून जॉइनर साफ केले की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना'. स्पेलचेकर तिथे गप्पच राहील, कारण हे शब्दही मराठीत आहेतच. फाइलमध्ये आधीपासून जी तऱ्हा चालू आहे तीच पुढे चालवा, आणि बदलायचीच असेल तर ते एकच काम करणारा स्वतंत्र कमिट करा.