प्रतिक्रियेला उत्तर: 'हुशार माणूस आपलं आपण शिकतो'

नमस्कार.

ऑफिसात सॉफ्टवेअरचं नीट ट्रेनिंग द्यायला हवं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला. जे मान्य करायचं ते आधीच करून टाकतो. एक्सेलच्या एका शीटमध्ये 'दहा लाख ओळी' मावतात असं मी लिहिलं होतं, नेमका आकडा १०,४८,५७६ आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण 'वाचून छान करमणूक झाली', 'ट्रेनिंगवाल्यांचीही पोटं भरायला हवीतच' हे कशाला? मी ट्रेनिंग विकत नाही. सतरा वर्षं अकाउंट्समध्ये काढली आहेत, त्यातली बरीचशी महिनाअखेरीला रात्री उशिरापर्यंत. अनोळखी माणसाशी बोलायची काही रीत असते. असो.

तुमचं मुख्य वाक्य असं: 'चांगल्या सॉफ्टवेअरला ट्रेनिंग लागत नाही, हुशार माणूस आपलं आपण शिकतो.'

शिकतो ना! पण काय शिकतो? काम उरकण्यापुरतं. मीही तसाच शिकलो. शेजारच्या टेबलावर बघून व्हीलुकअप उचललं, म्हणजे यादीत कोड शोधून त्याच्यासमोरचा आकडा आणणारं एक्सेलचं सूत्र. त्यात चौथी जागा ऐच्छिक असते, म्हणून ती कधी भरलीच नाही. ती रिकामी सोडली की एक्सेल अंदाजे जुळणी करतं, आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली नसेल तर भलत्याच ओळीतला आकडा आणून ठेवू शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एरर येत नाही. आकडा अगदी शहाण्यासारखा दिसतो. नव्या ग्राहकांचे कोड मी यादीच्या तळाला जोडत गेलो आणि दोन महिने एकाची सवलत दुसऱ्याच्या बिलात जात राहिली. चूक पकडली ती ज्याला कमी सवलत मिळाली त्या ग्राहकाने. ज्यांना जास्त मिळाली ते अर्थातच गप्प होते. आणि गंमत म्हणजे 'हुशार आहे, सगळं आपलं आपण शिकला' असं माझं कौतुक त्याच वर्षी झालं होतं.

माझा एकट्याचा दाखला पुरत नसेल तर सिटीबँकेचा घ्या. ऑगस्ट २०२० मध्ये रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जदात्यांना साधारण ७८ लाख डॉलर व्याज द्यायचं होतं. गेले जवळपास ९० कोटी. मुद्दलाची रक्कम बँकेच्याच अंतर्गत खात्यात वळवण्यासाठी फ्लेक्सक्यूब या बँकेच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर तीन चौकटी भरायला हव्या होत्या, भरली एकच, आणि मुद्दलही बाहेर गेलं. एकाने नोंद केली, दुसऱ्याने तपासली, तिसऱ्याने मंजूर केली. तिघांचीही समजूत तीच, त्यामुळे तिहेरी तपासणीतून चूक सुखरूप बाहेर पडली. त्यातल्या सुमारे ५० कोटींसाठी बँकेला कोर्टात झगडावं लागलं. खालच्या कोर्टात ती हरली, अपिलाचा निकाल तिच्या बाजूने लागेपर्यंत सप्टेंबर २०२२ उजाडला.

'म्हणजे सॉफ्टवेअरच वाईट होतं', असं तुम्ही म्हणाल. होतंच. पण ते बदलेपर्यंत सोमवारी सकाळी त्याच पडद्यासमोर बसायचं असतं, आणि तिथे बसणाऱ्याला त्या तीन चौकटींचा अर्थ कुणीतरी सांगावा लागतो. प्रोजेक्टर लावून अर्ध्या दिवसात सगळी बटणं दाखवणं याला मी ट्रेनिंग म्हणतच नाही. लेखात हे स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत की नाही, शंका आहे.

शिकवलेले लोक सोडून जातात, खर्च वाया जातो, व्हिडिओ बघून भागतं, या तुमच्या बाकीच्या मुद्द्यांत मला दम वाटला नाही, म्हणून सोडून देतो.

एक मात्र करा. तुमच्या ऑफिसात दरांची किंवा सवलतींची एखादी जुनी फाइल असेलच. ती उघडा आणि व्हीलुकअपमधली चौथी जागा रिकामी आहे का बघा. असली तर इथे येऊन मला सांगू नका, आधी अकाउंट्सला सांगा.