औषधाचं नाव का नाही दिलं? काकांच्या कमेंटला उत्तर

काका, तुमची कमेंट दोनदा वाचली. उत्तर लांबत गेलं म्हणून वेगळं टाकतोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमध्ये सोसायटीतली झाडं का वाळतात ते लिहिलं होतं, त्यावर काका म्हणतात, "एवढं पुराण लावलंत पण एका औषधाचं नाव नाही. आमच्या सप्तपर्णीच्या पानांवर फोड आले, तुम्ही म्हणता त्याने झाड मरत नाही, आमचं तर दोन वर्षांत वाळलं, आता कमिटी तोडायला निघालीये. वेळेवर फवारलं असतं तर वाचलं असतं. आणि जास्वंदीवर पाणी मारा म्हणे, असल्या उपायांना ढेकूण हसतात."

ढेकूण हसतात हे आवडलं आपल्याला. आणि त्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात, मी अर्धवटच लिहिलं होतं. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) नुसत्या पाण्याने जात नाही कारण मुंग्या. तो गोड चिकट पाणी सोडतो, मुंग्या ते चाटायला येतात आणि त्याची राखण करतात, त्याला खाणारे ढालकिडे वगैरे आले की हुसकावून लावतात. पानांवर काळी काजळी धरते ती पण त्याच चिकट्यावर. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा, खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा (सालीवर डायरेक्ट नको), फांद्या भिंतीला टेकत असतील तर छाटा नाहीतर मुंग्या तिकडून येतात. आकसलेले, गोळा झालेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाका, खताच्या खड्ड्यात नको. मग संध्याकाळी लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल, थोडा लिक्विड सोप, पानांच्या खालून फवारा, आठवड्याने परत. हे घ्या औषधाचं नाव.

आता सप्तपर्णी. ते फोड म्हणजे बुरशी नाही, एका बारीक किड्याचं घर आहे, पिल्लू आत बसून रस पितं. तुम्ही वरून फवारलं की फोडाची बाहेरची बाजू ओली होते, आतला मजेत. झाड दिसतं भयंकर, पण मोठं झाड एवढ्याने सहसा मरत नाही यावर मी ठाम आहे.

मग वाळलं कशाने? तुम्ही पाठवलेल्या फोटोत मी पानं बघितलीच नाहीत, खाली बघितलं. पेव्हर ब्लॉक बुंध्याला घट्ट टेकलेत आणि खोड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत गेलंय. खोड जमिनीजवळ पसरट व्हायला हवं, तसं दिसत नाही म्हणजे बहुतेक वर भराव टाकलाय. तुम्हीच लिहिलंय की तीन वर्षांपूर्वी पार्किंग केलं. झाडाची खाणारी मुळं वरच्या दीड-दोन फुटातच असतात, खोदताना ती तुटली, वरून रोलर फिरला, हवा बंद, पाणी बंद. पण झाड लगेच नाही मरत, साठवलेल्या अन्नावर एखाद-दोन वर्षं काढतं, मग शेंड्याकडून वाळायला लागतं आणि तोवर पार्किंगचं कुणाला आठवत नाही, समोर फोड दिसतात, आळ त्यांच्यावर. फोटोवरून शंभर टक्के सांगता येत नाही, पण माझा संशय तिथेच आहे. एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवाद, पर्यावरणाचे खटले बघणारं न्यायालय) 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं ते उगाच नाही.

आणि मी काही शहाणा होतो असं नाही. आमच्या दारातल्या बकुळीची पानं पिवळी पडली तेव्हा मी पण दुकानातून बुरशीनाशक आणलं, तीनदा मारलं, वर रोज बादलीभर पाणी, बिचारी सुकतेय म्हणून. शेवटी खुरपीने वीतभर उकरलं तर गटारासारखा वास आला, मुळं काळी, हाताने ओढली की साल सटकन हातात. माझ्याच पाण्याने कुजत होती! पाणी बंद केलं, चर काढून दिला. अर्धी वाचली. तेव्हापासून कुणी "औषध सांगा" म्हटलं की मी आधी विचारतो: पिवळी पानं नवी का जुनी? नवी पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बऱ्याचदा लोह कमी पडतंय, आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर एक्झोराच्या झुडपाचं हे नेहमीचंच. जुनी आधी पिवळी झाली तर नत्राकडे बघा. दोन्हीला फवारणीवाला तेच बुरशीनाशक मारून पैसे घेऊन जातो.

तर काका, कमिटीला दोन दिवस थांबवा (तसंही महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येणार नाही, शहरातली झाडं जपण्याचा महाराष्ट्राचा 1975 चा कायदा आहे). उद्या सकाळी चार-पाच बारीक फांद्यांची साल नखाने खरवडा, मग बुंध्याजवळ तेच करा. आत तपकिरी कोरडं असेल तर ती फांदी गेली. कुठेही हिरवं ओलसर दिसलं तर मला लगेच कळवा, आणि बुंध्याभोवतीचे पेव्हर त्याच दिवशी काढायला घ्या, खर्च फवारणीपेक्षा कमी येईल.