‘फक्त नेब्रास्काचीच पोरं घ्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या ओमाहा-लिंकन पट्ट्यात एक मेसेज हमखास फिरायला लागतो. आधी तो ऑफिसातल्या गोऱ्या सहकाऱ्यांकडून यायचा, आता आपल्या मराठी ग्रुपवरही येतो, कारण आपली मुलं इथेच शाळा-कॉलेजात आहेत आणि शनिवारी लाल टी-शर्ट घालून मॅच बघतात. मेसेजचा मजकूर दरवर्षी थोडा बदलतो, मुद्दे तेच: नेब्रास्काचा फुटबॉल संघ जिंकायचा तेव्हा त्यात आपल्या मातीतली पोरं होती. मग टेक्सास-फ्लोरिडा-कॅलिफोर्नियातून खेळाडू आणायचा नाद लागला आणि संघ बुडाला. बाहेरचे टिकत नाहीत, त्यांना या राज्याचं काही पडलेलं नसतं. तेव्हा राज्याभोवती कुंपण घाला, घरचा कोच आणा, म्हणजे जुने दिवस परत येतील.

भारतात बसून हे वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो. नेब्रास्कात एकही व्यावसायिक संघ नाही, त्यामुळे लिंकनच्या विद्यापीठाचा ‘हस्कर्स’ हाच अख्ख्या राज्याचा संघ. १९६२ पासून मेमोरियल स्टेडियमची तिकिटं प्रत्येक मॅचला संपलेली आहेत. शाळेतल्या खेळाडूंना हेरून, घरी जाऊन, आईवडिलांशी बोलून विद्यापीठात आणायचं याला रिक्रूटिंग म्हणतात. निम्मी लढाई तिथेच होते. म्हणूनच हा मेसेज खटकतो. इथल्या लोकांचं संघावरचं प्रेम खरं आहे, पण त्याला खोटा इतिहास चिकटवलाय.

पहिला दावा: ‘नव्वदच्या दशकात आपली पोरं होती, म्हणून जिंकलो.’

कोच टॉम ऑस्बोर्न यांच्या हाताखाली नेब्रास्काने १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. ऑस्बोर्न स्वतः हेस्टिंग्जचे, म्हणजे अस्सल नेब्रास्कन. पण पहिल्या दोन विजेतेपदांचा क्वार्टरबॅक (चेंडू हातात घेऊन चाल चालवणारा) टॉमी फ्रेझर होता फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनचा. २ जानेवारी १९९६ ला फिएस्टा बोलमध्ये (‘बोल’ म्हणजे सीझनअखेरची मानाची मॅच) फ्लोरिडाच्याच संघाविरुद्ध त्याने एकामागून एक टॅकल झटकत ७५ यार्ड काढले, ती धाव आजही इथल्या प्रत्येक स्पोर्ट्स बारच्या टीव्हीवर अधूनमधून दिसते. मॅच ६२–२४. हा मेसेज पाठवणाऱ्यांनीही त्या धावेवर टाळ्या वाजवलेल्या असणार.

त्याच्या वर्षभर आधीची, १ जानेवारी १९९५ची ऑरेंज बोलची रात्र मला या वादात सगळ्यात महत्त्वाची वाटते. मैदान मायामीचं, समोर मायामीचाच संघ. ऑस्बोर्न यांना बावीस सीझन घासूनही राष्ट्रीय विजेतेपद मिळालेलं नव्हतं. चौथ्या क्वार्टरमध्ये मायामी १७–९ ने पुढे. पायात रक्ताच्या गाठी झाल्यामुळे बहुतेक सीझन बाहेर बसलेला फ्रेझर पुन्हा मैदानात आला. मायामीचे बचावपटू दमले होते. फ्रेझरने चेंडू फुलबॅक (मधून मुसंडी मारणारा) कोरी श्लेसिंगरच्या पोटात दिला, तो मधल्या फटीतून घुसला, १५ यार्डांचा टचडाउन, म्हणजे शेवटची रेषा ओलांडून सहा गुण. वर दोन गुण घेऊन बरोबरी. नंतर पुन्हा तसंच, या वेळी १४ यार्ड. २४–१७. फ्रेझर फ्लोरिडाचा, श्लेसिंगर नेब्रास्कातल्या कोलंबसचा.

आता ती फट कोणी पाडली ते बघा. समोरच्यांना रेटून वाट काढणाऱ्या पाच जणांच्या लाइनमध्ये डावीकडून लिंकनचा रॉब झटेचका, हेस्टिंग्जचा जोएल विल्क्स, मधोमध टेक्सासचा आरन ग्रॅहम, मग कॅलिफोर्नियाचा ब्रेंडन स्टाय आणि शेवटी फ्रिमॉन्टचा झॅक विगर्ट, ज्याला त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनमनचा आउटलंड पुरस्कार मिळाला. पाचांत तीन घरचे, दोन बाहेरचे. खांद्याला खांदा लावून उभे राहिले म्हणून श्लेसिंगरला वाट मिळाली. यातले दोघं वजा करा आणि मग सांगा ती मॅच कशी जिंकली असती.

१९९७ च्या संघातही हेच. क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट वुड रिव्हरचा, रनिंग बॅक अहमान ग्रीन ओमाहाचा. पण बचावाचे दोन खांब, ग्रँट विस्ट्रम मिसुरीचा आणि जेसन पीटर न्यू जर्सीचा. त्याही मागे जा. विद्यापीठाला तीन हाइझमन ट्रॉफ्या (देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान) मिळाल्या: १९७२ ला जॉनी रॉजर्स, २००१ ला एरिक क्राउच, दोघंही ओमाहाचे, आणि मध्ये १९८३ ला माइक रोझियर, न्यू जर्सीतल्या कॅम्डनचा. त्याच्या पुढे ब्लॉक करणारा डीन स्टाइनकूलर मात्र बर नावाच्या चिमुकल्या गावातला. या संघाची मूस अशीच होती. धिप्पाड, चिवट, वर्षानुवर्षं घडवलेले लाइनमन आणि फुलबॅक बहुतांशी गावाकडून, वेगवान खेळाडू जिथे मिळतील तिथून.

दुसरा दावा, कुंपणाचा. इथे नुसता नकाशा पाहिला तरी पुरे. नेब्रास्काचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांश, पण २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहरापेक्षाही कमी. टेक्सासमध्ये जवळपास तीन कोटी, फ्लोरिडात दोन कोटींहून जास्त. कुंपणाची भाषा त्यांना शोभते, कारण त्यांच्या कुंपणाच्या आत सगळं पिकतं. १९९४ पासून २०२५ पर्यंत संघाला ८५ स्कॉलरशिपची मर्यादा होती, म्हणजे दरवर्षी वीस-पंचवीस नवे खेळाडू लागायचे. वरच्या पातळीवर खेळतील अशी पोरं नेब्रास्कातून एखाद्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतात, फार तर डझनभर. बाकीच्या जागा कुठून भरायच्या, याबद्दल मेसेज गप्प आहे.

तिसरा दावा सगळ्यात जास्त लागतो: ‘बाहेरच्यांना या राज्याबद्दल काही वाटत नाही.’ मीही बाहेरूनच इथे आलो आणि इथलाच झालो, तेव्हा हे वाक्य मी सोडून देणार नाही.

ज्या विद्यापीठाबद्दल हे बोललं जातं, त्याच्या स्टेडियमबाहेर ऑस्बोर्न यांचा पुतळा आहे. तो एकट्याचा नाही. त्यांच्याशेजारी हस्कर्सच्या गणवेशात ब्रूक बेरिंजर उभा आहे, कॅन्ससच्या गुडलंडचा. १९९४ ला फ्रेझर आजारी पडल्यावर संघ यानेच सांभाळला, फ्रेझर बरा झाल्यावर कुरकुर न करता पुन्हा दुसऱ्या नंबरवर गेला. १८ एप्रिल १९९६ ला, व्यावसायिक संघांच्या निवडीला दोन दिवस उरले असताना, विमान अपघातात तो गेला. मॅचच्या दिवशी तिथे उभं राहून पाहा. आजोबा नातवंडांना बेरिंजर कोण होता ते सांगत असतात, आणि तो कॅन्ससचा होता हे कुणाच्या मनातही नसतं.

दुसरा रेक्स बर्कहेड, टेक्सासमधल्या प्लेनोचा. मेंदूच्या कॅन्सरशी झगडणाऱ्या इथल्या एका छोट्या मुलाशी त्याने मैत्री केली, आणि ती फोटोपुरती नव्हती. एप्रिल २०१३ च्या स्प्रिंग गेममध्ये (संघाचे दोन गट करून खेळतात ती सरावाची मॅच) त्या सात वर्षांच्या पोराला बर्कहेडचा २२ नंबर घालून चेंडू दिला गेला आणि तो ६९ यार्ड धावत थेट एंड झोनमध्ये पोचला. दोन्ही संघ त्याच्यामागे धावले, स्टेडियम उभं राहिलं. तोपर्यंत बर्कहेडचं कॉलेज संपलंही होतं. या राज्याशी त्याचं नातं काय होतं, हे त्या मुलाच्या घरच्यांना विचारायला हवं.

आणि घरचे सगळे टिकतात का? झेवियर वॉट्स ओमाहाचा, तो नोत्र दामला गेला आणि २०२३ चा नॅगुर्स्की पुरस्कार, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम बचावपटूचा मान, तिथे मिळवला. नोआ फँटही ओमाहाचा, तो शेजारच्या आयोवात गेला आणि तिथून व्यावसायिक संघाने त्याला पहिल्याच फेरीत उचललं. हॅरिसन फिलिप्स स्टॅनफर्डला गेला. त्यांना मी दोष देत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने आपल्याला जिथे चांगलं वाटेल तिथे जावं. स्वतः फ्रॉस्टही आधी स्टॅनफर्डलाच गेला होता, नंतर परत आला. शिवाय २०२१ नंतर ट्रान्सफरचे नियम इतके सैल झालेत की पोर्टलमधून (संघ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) कुणीही कुठेही जातो, वुड रिव्हरचा असो वा ब्रेडेंटनचा.

चौथा दावा कोच बिल कॅलहन यांच्या काळाचा, म्हणजे बाहेरून खेळाडू आणले आणि संघ बुडाला हा, आणि त्यात अर्धं तथ्य आहे, म्हणून तो जास्त फसवतो. ऑस्बोर्ननंतरचे कोच फ्रँक सोलिक यांना २००३ ला काढल्यावर कॅलहन आले. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा ऑप्शन खेळ (चेंडू घेऊन धावण्यावर भर असलेला) मोडून पासिंग आणलं आणि देशभरातून रिक्रूट गोळा केले. २००४ ला संघ ५–६. १९६१ नंतर पहिल्यांदाच जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा झाला आणि सलग ३५ बोलची परंपरा तुटली. २००७ ला ५–७ आणि कॅलहन गेले. हे सगळं खरं. पण याच कॅलहन यांनी ओरेगनमधल्या पोर्टलंडहून अंडामुकन सू नावाचा एक पोरगा आणला होता. २००९ ला, दुसऱ्या कोचच्या हाताखाली, त्याने आउटलंड, लोम्बार्डी, नॅगुर्स्की असे पुरस्कारांचे ढीग लावले. बाहेरची भरती हाच रोग असता तर सू हे त्याचं लक्षण ठरतं.

बिघडलं वेगळंच. कॅलहन यांनी वॉक-ऑनची संख्या कमी केली. वॉक-ऑन म्हणजे स्कॉलरशिप नसताना, स्वतःची फी भरून संघात येणारा. राज्यातल्या विद्यार्थ्याला फी बाहेरच्यापेक्षा बरीच कमी असल्याने शेतकऱ्यांची, छोट्या गावातल्या शिक्षकांची मुलं हा जुगार खेळायची. दोन-तीन वर्षं सरावात मार खायची, वजन वाढवायची, आणि चौथ्या वर्षी मैदानात उतरायची. ब्रेनार्डच्या माकोविचका घरातले भाऊ एकामागून एक असेच आले. नेब्रास्काकडे तयार राखीव खेळाडूंची फळी असायची ती इथूनच. (आणि या परंपरेतला एक गाजलेला गडी, १९७७ ला इंडियानाविरुद्ध २५४ यार्ड धावलेला आय. एम. हिप, साउथ कॅरोलायनाहून आला होता. म्हणजे वॉक-ऑनचं दारही बाहेरच्याला उघडं होतं.)

नंतरच्या घसरगुंडीची कारणं मेसेजमध्ये नाहीतच. २०११ ला विद्यापीठ बिग ट्वेल्व्ह ही लीग सोडून बिग टेन या लीगमध्ये गेलं. त्याआधी टेक्सासच्या संघांशी नियमित मॅच असायच्या, टेक्सासच्या आईबापांना आपलं पोरगं गाडीने जाऊन खेळताना बघता यायचं. ते तुटलं. वर चार-पाच वर्षांत कोच बदलायची सवय लागली, आणि प्रत्येक नवा कोच आधीच्याने निवडलेली पोरं आपल्या पद्धतीत बसत नाहीत म्हणून पुन्हा शून्यापासून सुरू करतो.

‘घरचा कोच आणा’ याला एकच उत्तर. आणला. स्कॉट फ्रॉस्टपेक्षा घरचा कोण? अख्खं राज्य त्याच्या स्वागताला उभं होतं. हिशेब १६ विजय, ३१ पराभव, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सीझन सुरू झाल्या झाल्या हकालपट्टी. उलट १९७० आणि १९७१ ची विजेतेपदं आणणारे, या सगळ्याचा पाया घालणारे बॉब डेव्हनी मिशिगनमधल्या सॅगिनॉचे होते आणि वायोमिंगहून इथे आले होते.

तरी मेसेजमागचं दुखणं मला समजतं. नॉर्थ प्लॅटच्या डॅनी वुडहेडला बुटका म्हणून विद्यापीठाने स्कॉलरशिप दिली नाही. तो राज्याच्या टोकाला, शॅड्रन स्टेट या छोट्या कॉलेजात गेला, २००६ आणि २००७ ला छोट्या कॉलेजांच्या श्रेणीतला सर्वोच्च हार्लन हिल पुरस्कार दोनदा जिंकला, आणि पुढे न्यू इंग्लंड या व्यावसायिक संघाकडून सुपर बोलमध्ये टचडाउन केला. घरातलं माणिक दारात असून दिसलं नाही. पण त्याला न घेणाऱ्यांनी चूक केली ती वुडहेडला ओळखण्यात. फ्लोरिडाचा कुणी तरी आला म्हणून वुडहेडची जागा गेली, असं झालेलं नाही.

ज्यांना गावाकडच्या पोरांची खरंच काळजी आहे त्यांनी २०२५ च्या बदलाकडे बघावं. कोर्टातल्या समझोत्यानंतर स्कॉलरशिपची मर्यादा गेली, पण संघात एकूण १०५ खेळाडू हीच कमाल ठरली. नेब्रास्कासारख्या ठिकाणी आधी वॉक-ऑन धरून दीडशेच्या घरात पोरं असायची. आता या १०५ जणांना स्कॉलरशिप देता येते, वर विद्यापीठ त्यांना थेट पैसेही देऊ शकतं. मग पोर्टलमधून तयार खेळाडू घ्यायचा की तीन वर्षांनी तयार होईल असा ब्रेनार्डचा लाइनमन ठेवायचा, हा निर्णय दरवर्षी घ्यावा लागणार. फ्लोरिडाच्या रिसीव्हरला शिव्या घालून त्या लाइनमनला जागा मिळत नाही. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं करावं: विद्यापीठाच्या ॲथलेटिक विभागाला लिहून विचारावं, या १०५ मध्ये राज्यातल्या वॉक-ऑनसाठी किती जागा राखणार, आणि त्यांना घडायला किती वर्षं देणार.